भोपाळचं मानव संग्रहालय: बूट घालून जा, घाईत जाऊ नका

भोपाळला दोन दिवस असतील तर एक पूर्ण दिवस श्यामला हिल्सवरच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाला द्या. काचेच्या कपाटातल्या वस्तू डोळ्यांपुढे आणू नका. सुमारे २०० एकरांच्या टेकडीवर उघड्या आभाळाखाली आदिवासी घरं उभी आहेत, आणि ती त्या-त्या समाजातल्या लोकांना बोलावून त्यांच्याच हातांनी बांधून घेतलेली.

मी डहाणूकडची, त्यामुळे वारली घराशी पाय आधी अडखळले. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण. सोबतचे पाहुणे भिंतीवर ‘वारली पेंटिंग’ शोधत होते. त्यांना सांगितलं, हे शोभेचं काम नव्हे. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहितात, आत पालघट ही सुफलतेची देवी. आणि लग्न लावते धवलेरी, म्हणजे वारल्यांची पुरोहित. बाई! आमच्याकडे अजून बाई भटजी दिसली की बातमी होते.

छत्तीसगडमधल्या बस्तरच्या मुरिया आदिवासींचं घोटुल, म्हणजे तरुणांचं एकत्र जमायचं घर, बघताना मात्र डोकं फिरलं. हॉटेलवरून घेतलेला गाईड डोळे मिचकावत ‘पोरापोरींचा क्लब’ म्हणाला. अरे बाबा, लग्न न झालेली मुलंमुली, म्हणजे चेलिक आणि मोटियारी, तिथे संध्याकाळी जमायची. नाचगाणं, प्रेम हे होतंच. पण त्यांच्यातलाच एक सिरदार, म्हणजे म्होरक्या, प्रत्येकाला पद, मुलांनी सरपण आणायचं, मुलींनी झाडलोट करायची, कामचुकाराला दंड. गावात लग्न असो की शेतातलं काम, हाच जथा राबायला हजर. मोठ्यांची त्यात लुडबुड नसे. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला एवढी शिस्त आली तर पेढे वाटीन. आपल्या गडचिरोलीतल्या माडियांकडेही गोटूल आहे, तिकडच्यांना हे नवं नाही.

ईशान्येकडच्या नागा लोकांचं मोरुंगही त्याच वळणाचं, पण तरुण मुलग्यांचं: तिथेच झोपायचं, गाव राखायचं, थोरांकडून शिकायचं. अख्ख्या ओंडक्याचा ढोल वाजला की साऱ्या गावाने समजायचं, काहीतरी घडलंय.

आवारात प्राचीन चित्रं असलेले कातळही आहेत, ते चुकवू नका.

जवळच २०१३ मध्ये सुरू झालेलं जनजातीय संग्रहालय आहे. फोटोंसाठी तेच सरस, डोळे दिपतात. पण माणसं एकत्र कशी राहत होती हे समजून घ्यायचं असेल तर माझं मत मानव संग्रहालयाच्या टेकडीला. चढउतार बराच, गुडघेदुखीवाल्यांनी बेताने. पाणी, टोपी घ्या. उन्हाळ्यात दुपारी नकोच. सोमवारी बंद. आणि गाईड नीट पारखून घ्या, नाहीतर सरळ फलक वाचत फिरा.