बिलं वाचणारं ‘एआय’ म्हणून आम्हाला जे विकलं गेलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कंत्राटदारांनी आणि त्यांच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आमचे एक लाख तीनशे रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे आमच्याकडे राबणाऱ्या माणसांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती कुणाच्या हातात गेल्या, हे आज आम्हाला सांगता येत नाही. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तक्रार पोलिसांत आहे. त्याने एव्हाना नाव बदललंही असेल. म्हणून त्याची रीत सविस्तर लिहिते.

आमचा धंदा मामंजींनी सुरू केला. आता माझे यजमान आणि धाकटे दीर साइट बघतात, मी ऑफिस बघते. घरं, कंपाउंड वॉल, शाळेच्या खोल्या, अधूनमधून पंचायतीची गटारं, अशी कामं. फार मोठं काही नाही, पण कागद मात्र मोठ्या कंपनीइतका. माल आला की चलन, मग टॅक्स इन्व्हॉइस, पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर वाहतुकीचं ई-वे बिल, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूबचे सात दिवसांचे आणि अठ्ठावीस दिवसांचे रिपोर्ट, मस्टर, मोजमापं, आणि झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने पैसे मागणारं आरए बिल.

त्यात आपण राहतो सीमेवर. सिमेंट बेळगावातून येतं, सळई कधी कोल्हापूरकडून, खडी जवळच्या क्रशरवरून, किरकोळ सामान सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या शिनोळीहून, टाइल्स कधी गोव्याहून. म्हणजे एकाच आठवड्याच्या गठ्ठ्यात 29 (कर्नाटक), 27 (महाराष्ट्र) आणि 30 (गोवा) अशा तीन राज्यांच्या आकड्यांनी सुरू होणारे जीएसटी नंबर. कर्नाटकातल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा कर, बाहेरच्या राज्यातून साइटवर पोचलेल्या मालावर एकच आयजीएसटी. शिनोळीच्या काउंटरवरून माल उचलला आणि दुकानदाराने महाराष्ट्राचाच सीजीएसटी-एसजीएसटी लावला, तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आपल्याला इथे मिळत नाही. हे बारकावे बिल हातात घेऊनच कळतात. वर्क ऑर्डर कन्नडमध्ये, कधी आकडेसुद्धा कन्नड. बिलं इंग्रजीत. खडीवाल्याचं चलन मराठीत, बॉलपेनने, ड्रायव्हरच्या मांडीवर लिहिलेलं. तीन भाषा, तीन तऱ्हेचे आकडे आणि वर पावसाळ्यात भिजलेला कागद.

रात्री जेवणं झाल्यावर मी हे एक्सेलमध्ये भरत बसायची. असा त्रास ज्या ज्या घरात आहे, तिथे हा गृहस्थ पोचतो.

आला तो ओळखीतूनच. शुद्ध मराठी, बोलणं अदबीचं, मामंजींना वाकून नमस्कार. म्हणाला, “वहिनी, तुम्ही फक्त मोबाइलवर फोटो टाका. आमचं एआय मराठी, कन्नड, इंग्रजी, हाताने लिहिलेलं सगळं वाचतं. तुम्हाला तयार तक्ता मिळेल.” मी म्हटलं, आमच्याच कागदांवर करून दाखवा. तो लगेच कबूल झाला. जाताना “सिस्टिमला तुमच्या कागदांची सवय व्हावी म्हणून” गेल्या महिन्यातल्या बिलांचे आणि चलनांचे फोटो काढून घेऊन गेला.

दोनतीन दिवसांनी लॅपटॉप घेऊन आला. आमचंच चलन कॅमेऱ्यासमोर धरलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर सगळं उमटलं. पुरवठादार, गाडी नंबर, ब्रास, दर, अगदी कोपऱ्यात लिहिलेली उधारीची नोंदसुद्धा. मामंजी खुर्ची ओढून पुढे आले. “काय गे, खरंच वाचतंय ते?” खरंच वाचत होतं असंच कुणालाही वाटलं असतं. दाखवलेला प्रत्येक कागद त्याने आधी नेलेल्या फोटोंतलाच होता आणि त्यातला मजकूर कुणीतरी बसून आधीच टाइप करून ठेवला होता. कॅमेरा फक्त कागद ओळखून ती भरलेली ओळ पुढे आणत होता. हे कळायला आम्हाला पुढचे महिने जावे लागले. फसवणुकीची सगळी मेख इथे आहे, म्हणून पुन्हा लिहिते: डेमो आमच्याच कागदांवर झाला, पण त्याने आधी न पाहिलेल्या एकाही कागदावर झाला नाही.

पैसे असे घेतले. वर्षाचं लायसन्स साठ हजार, सेटअप पंचवीस हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी पंधरा हजार तीनशे. सगळं आगाऊ. बिल रीतसर छापलेलं, त्यावर जीएसटी नंबर. पैसे मात्र यूपीआयने एका व्यक्तीच्या बचत खात्यावर घेतले, “कंपनीच्या करंट अकाउंटचं काम बँकेत अडकलंय” असं सांगून. त्या बिलावरचा नंबर नंतर आमच्या टॅक्स कन्सल्टंटनी जीएसटी पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी आमच्या बिलाच्या तारखेच्या कितीतरी आधीच रद्द झालेली होती. हे बघायला लॉगिन लागत नाही. ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये कुणाचाही नंबर टाका, कायदेशीर नाव, नोंदणी चालू की रद्द, रिटर्न भरतो की नाही, सगळं दिसतं. सरकारला कधीच न पोचलेला कर आमच्याकडून कर म्हणून वसूल केला गेला, याचा राग मला मुद्दलाइतकाच आहे.

पहिला महिना काम उत्तम चाललं. दुपारी फोटो टाकले की रात्रीपर्यंत तक्ता. मी निम्मे कागद स्वतः ताडून पाहिले, चूक नाही. पण एक गोष्ट खटकायची: सेकंदात वाचणाऱ्या यंत्राला रात्र का लागते? विचारलं तर “सर्व्हरवर रांग असते वहिनी”. मग गणपती आले आणि पाचही दिवस एकही तक्ता आला नाही. त्यानंतर आलेल्या फाइलमध्ये एका रकान्यात रकमेऐवजी लिहिलं होतं, “अक्षर लागत नाही, मॅडमना विचार”.

पलीकडे माणसं बसलेली होती. कुठेतरी पोरं-पोरी आमची बिलं टाइप करत होती, आणि त्यांना त्याचे किती मिळत होते देव जाणे. माणसाकडून टायपिंग करून घेणं हा गुन्हा नव्हे. डेटा एंट्रीचं काम मानाने करणारे आणि उघडपणे तसं सांगणारे लोक बेळगावातच आहेत. पण आम्हाला सांगितलं होतं की कागद कुणी माणूस बघत नाही. त्या भरवशावर त्याच अ‍ॅपमध्ये कामगारांचे कागद गेले होते. बांधकाम कामगारांच्या लेबर कार्डासाठी आम्ही माणसांची आधार, बँक पासबुकं, वय, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला जमवत होतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली माणसं, चंदगडची, विजयपूर-रायचूरकडून आलेली कुटुंबं. त्यांनी कागद माझ्या हातात दिले, मला ओळखतात म्हणून. ते कुणाच्या मोबाइलमध्ये पडून आहेत, हे त्यांना काय सांगू?

मी जाब विचारला त्यानंतर टायपिंग बंद झालं आणि फोटोतली अक्षरं ओळखणारं कुठलं तरी साधं फुकटातलं सॉफ्टवेअर (ओसीआर) जोडून दिलं गेलं असावं, कारण आता तक्ते मिनिटात येऊ लागले आणि चुका वेगळ्याच. माणूस टाइप करताना ओळ गाळतो किंवा एकाची रक्कम दुसऱ्यापुढे टाकतो. यंत्र आकाराला फसतं. मराठीतला हाताने काढलेला १ त्याला ९ वाटतो. शंभर पोत्यांच्या चलनाचे नऊशे झाले. पन्नास किलोचं पोतं, म्हणजे पंचेचाळीस टन सिमेंट एका छोट्या ट्रकातून उतरलं असं आमच्या वहीत! कोल्हापूरच्या सळईचा आयजीएसटी अर्धा अर्धा करून सीजीएसटी-एसजीएसटीच्या रकान्यात. कन्नड वर्क ऑर्डरमधून तर नुसता कचरा. कन्सल्टंटनी तक्ता जीएसटीआर-टूबीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, ताडला नसता तर तेच आकडे रिटर्नमध्ये गेले असते. जास्त क्रेडिट घेतलं आणि तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की डीआरसी-01सी ही जीएसटी खात्याची सूचना येते, सात दिवसांत पैसे भरा नाहीतर कारण द्या. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं असेल तर वर्षाला अठरा टक्के व्याज.

कन्सल्टंटनीच आणखी एक संकट टाळलं. मध्यंतरी हा माणूस जीएसटी पोर्टलचा पासवर्ड आणि टेंडरसाठीचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन मागत होता, “आपोआप जोडणीसाठी”. त्यांनी साफ नाही सांगितलं. खऱ्या सॉफ्टवेअरला पासवर्ड लागतच नाही. पोर्टलवर स्वतः एपीआय अ‍ॅक्सेस, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडणीची परवानगी, चालू करायचा, मुदत आपण ठरवायची, आणि ओटीपी आपल्याच मोबाइलवर येतो. टोकन म्हणजे तुमची सही आहे. ते हातात असलेला माणूस तुमच्या नावाने टेंडर भरू शकतो.

सगळ्यात महाग पडले ते मूळ कागद. जुन्या कामांची चलनं “स्कॅनिंग सेंटरला” म्हणून खोक्यांतून नेली होती. फोन उचलणं बंद झाल्यावर दिरांनी ओळखीच्या माणसाला मध्ये घालून ती परत मिळवली, पण पूर्ण नाही. टिळकवाडीतल्या एका खासगी कामाच्या मालकांनी सळईची मूळ चलनं बघितल्याशिवाय शेवटचं आरए बिल पास करणार नाही असं सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुरवठादाराकडून दुसऱ्या प्रती मिळवता मिळवता ते पैसे कितीतरी दिवस अडकले. आणि जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून बहात्तर महिने जपून ठेवायचे असा कायदा आहे. उद्या कुणी तपासणीला आलं तर “स्कॅनिंगला दिले होते” हे उत्तर चालत नाही.

पोलिसांत तक्रार दिली, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही नोंदवलं. पण 1930 चा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या फोन केला तर, खात्यातली रक्कम हलायच्या आत. आमच्या पैशांना महिने उलटले होते. कामगारांना एकेक करून बसवून सांगितलं, त्यांच्या मोबाइलवरून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना यजमान सेंटरवर घेऊन गेले. आता कुणाकडून आधार घेतलाच तर मास्क्ड घेते, पहिले आठ आकडे झाकलेला.

हे वाचून कुणी असं समजू नये की कागद वाचणारं सॉफ्टवेअरच खोटं असतं. छापील इंग्रजी इन्व्हॉइस चांगली वाचणारी साधनं आहेत. उलट पुष्कळ बिलांना तेही लागत नाही, आणि हे कुठलाही विकणारा आपल्याला सांगत नाही. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम आधीच असते. टूबी दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते आणि एक्सेलमध्ये फुकट उतरवता येते. सिमेंट आणि सळईची आमची बहुतेक बिलं आता मी तिथूनच घेते. उरतात ती हाताने लिहिलेली चलनं, मस्टर आणि कन्नड कागद. तिथे आजही मीच बसते, आणि आठवड्यातून एकदा कन्नड चांगलं येणारी शेजारची मुलगी, पगार देऊन.

निपाणी-चिकोडीकडे असाच डेमो दाखवत कुणी फिरतोय असं परवा एका पुरवठादाराने सांगितलं. तुमच्या दारात आला तर आधी एकही फोटो काढू देऊ नका. त्याच दिवशी साइटवरून आलेलं खडीचं चलन, एक कन्नड वर्क ऑर्डर आणि 27 ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरचं एक बिल त्याच्यासमोर ठेवा, आणि उत्तर पडद्यावर येईपर्यंत त्याला तिथेच बसवून ठेवा. “उद्या पाठवतो” म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या. कागद मात्र तुमच्या कपाटातच राहू देत.