साडेसात की आठ? ट्रॅपसाठी छर्रे निवडताना

छर्ऱ्याच्या बंदुकीने उडत्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्याने काडतुसांच्या डब्यावरचा छर्ऱ्याचा नंबर वाचून थांबू नये, शेजारचे मिलिमीटर वाचावेत. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो, इथवर ठीक. घोळ होतो तो देश बदलला की. अमेरिकी साडेसात म्हणजे 2.4 मिमी, आणि इंग्रजी पद्धतीत हाच छर्रा 7 नंबरचा. इंग्रजी साडेसात 2.3 मिमीचा, म्हणजे जवळपास अमेरिकी आठ. आपल्याकडे मोठ्या छर्ऱ्यांची एलजी, एसजी ही नावं रुळली ती इंग्रजी पद्धतीतूनच, त्यामुळे गफलत सहज होते. अमेरिकी नंबराचा हिशेब सोपा आहे: 17 मधून नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या शंभराव्या भागात मिळतं. 17 उणे 7.5 म्हणजे 9.5, म्हणून 0.095 इंच. पुढचे सगळे नंबर अमेरिकी आहेत.

स्कीटला, म्हणजे तबकड्या समोरून आडव्या जातात त्या प्रकाराला, फार विचार लागत नाही. तबकडी साधारण 20 मीटरवर, तिथे 9 नंबर (2 मिमी) उत्तम. 24 ग्रॅमच्या काडतुसात जवळपास 495 छर्रे बसतात आणि त्या अंतरावर त्यांचा जोर पुरतो.

खरा पेच ट्रॅपचा. इथे तबकडी नेमबाजापासून दूर पळते आणि दुनळीने तिच्यावर दोन बार काढता येतात. त्याच 24 ग्रॅममध्ये आठ नंबरचे सुमारे 347 छर्रे, साडेसातचे 296. पन्नास छर्रे जास्त म्हणजे छर्ऱ्यांची फेक दाट, आणि पहिल्या बाराला तबकडी लवकर गाठणाऱ्याला याचा फायदा मिळतो हे मान्यच. धक्क्यात मला तरी फरक जाणवत नाही.

पण व्यासातला फरक जेमतेम 0.13 मिमी असला, तरी वजन व्यासाच्या घनाने बदलतं. आठचा छर्रा साडेसातपेक्षा सुमारे 15 टक्के हलका. तो हवेत वेग लवकर गमावतो आणि दुसऱ्या बाराच्या अंतरावर, 38-40 मीटरवर, हे अंगाशी येतं. ट्रॅपची तबकडी दूर पळताना आपल्याला तिची कड दिसते, आणि कड हाच तिचा सगळ्यात चिवट भाग. छर्रा लागतो, धुळीचा छोटासा ढग उठतो, तबकडी मात्र तशीच पुढे जाते. आंतरराष्ट्रीय नियमात नुसती धूळ गुण देत नाही. निदान एक तुकडा उडालेला दिसावा लागतो. नंतर मैदानात भोक पडलेल्या अख्ख्या तबकड्या सापडतात. नेम बरोबर आणि गुण शून्य, ही एकच गोष्ट मला आठपासून दूर न्यायला पुरली.

चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा निमुळता भाग, आवळून हे भागेल असं काही जण म्हणतात. चोकने छर्रे एकत्र राहतात, त्यांचं वजन वाढत नाही. शिसं मऊ असेल तर छर्रे नळीतच चपटे होऊन भरकटतात. म्हणून अँटिमनी जास्त असलेले कडक छर्रे घ्यावेत, मग नंबर कुठलाही असो.

पहिल्या नळीत आठ आणि दुसऱ्या नळीत साडेसात, हा मध्यममार्ग चांगले नेमबाजही वापरतात आणि त्यात चूक काही नाही. फक्त दोन प्रकारची काडतुसं खिशात वेगळी ठेवावी लागतात आणि घाईत अदलाबदल होते. मी दोन्ही नळ्यांत साडेसातच भरतो.