पाहुण्यांचं पार्किंग: पास की जॅमर?

रहिवाशांची दुसरी गाडी पाहुण्यांच्या जागेत मुक्काम ठोकते, तेव्हा सोसायटीत हेच दोन उपाय सुचवले जातात: पाहुण्यांच्या गाडीला पास देणं किंवा नियम मोडणाऱ्या गाडीच्या चाकाला जॅमर, म्हणजे कुलूप, लावणं.

पासमध्ये गाडीचा नंबर, फ्लॅट, तारीख आणि आत येण्याची वेळ लिहून तो काचेमागे ठेवायचा. गेटवर रहिवाशांच्या गाड्यांची यादी नसेल तर हा प्रकार फसतो, कारण रहिवासी स्वतःच्याच गाडीसाठी पास घेऊन जातो. तारखेविना पास तर महिनोन्‌महिने चालतो! रात्री 11 नंतर एक फेरी मारून नंबर यादीशी ताडले की लबाडी सापडते.

जॅमरचा धाक लगेच बसतो, पण गाडी हलत नाही, म्हणजे जागा उलट जास्त वेळ अडते. चावी एकाच रखवालदाराकडे असली की भांडण ठरलेलं. पासच बरा, जॅमर वारंवार नियम मोडणाऱ्यापुरता, तोही सभेचा ठराव झाल्यावर.