सबस्क्रिप्शन ठेवावं की सोडावं? आधी पाहिलेले तास मोजा

ओटीटीचे पैसे वसूल होतात का, असा प्रश्न पडला की आपण ॲप उघडतो, तिथलं भांडार बघतो आणि गप्प बसतो. एवढं सगळं आहे, मग नको कसं म्हणायचं? पण भांडार मोजून काही कळत नाही. त्याऐवजी आपण काय पाहिलं ते उघडा. नेटफ्लिक्सच्या खात्यात प्रत्येक प्रोफाइलने काय पाहिलं याची यादी तारखेसकट मिळते, इतर बऱ्याच सेवांतही अशी नोंद असते. ती यादी आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा.

मी हे एका रविवारी केलं. तीन सेवांचे पैसे दरमहा आपोआप कापले जात होते. पहिलीवर आठवड्याला चार-पाच तास जात होते, त्याबद्दल तक्रार नाही. दुसरीवर एक मालिका आली तेव्हा दहा दिवस रात्री जागवल्या होत्या आणि नंतर दोन महिने शुकशुकाट. तिसरीवर चार महिन्यांत दोन भाग. त्यातला दुसरा सत्ताविसाव्या मिनिटाला थांबलेला. म्हणजे मला झोप लागली होती.

तासाचा भाव

समजा महिन्याची फी १०० आहे. महिन्यात २५ तास पाहिलं तर तास ४ ला पडला. दोनच तास पाहिलं तर तोच तास ५० ला. त्याच सेवेचा, त्याच प्लॅनचा. म्हणून ‘अमुक सेवा महाग आहे का’ याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नसतं. हा भाव एक चित्रपट सुटा भाड्याने घेण्याच्या भावाशी ताडून बघा. सुटा चित्रपट स्वस्त पडत असेल तर सबस्क्रिप्शन म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मोजताना थोडं प्रामाणिक राहावं लागतं. रिमोट हातात घेऊन पोस्टरं सरकवण्यात गेलेली वीस मिनिटं तासांत धरायची नाहीत. कामं करताना मागे नुसती चालू असलेली मालिकाही नाही, कारण तिथे रेडिओनेही भागलं असतं. उलट घरातल्या लहान मुलाने तेच कार्टून विसाव्यांदा पाहिलं असेल तर ते तास पूर्ण धरा, मोठ्यांना कितीही कंटाळा आलेला असो.

वर्षाचं की महिन्या-महिन्याचं

वर्षाचा प्लॅन बहुतेक वेळा साधारण दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने, असा असतो. ऐकायला छान वाटतं. हिशेब असा की तुम्ही वर्षातले दहाहून जास्त महिने ती सेवा खरोखर वापरणार असाल तरच फायदा. पाचच महिने पाहणार असाल तर महिन्याच्या दराने घेतलेलं निम्म्यात पडतं. वर्षाच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे: मधल्या काळात दर वाढले तरी तेवढं वर्ष तुम्हाला झळ लागत नाही. रोजच्या सवयीची एकच सेवा असेल, विशेषतः मुलांसाठीची, तर वर्षाचं घ्यावं. बाकी सगळ्यांना माझं मत पाळीपाळीचं.

पाळीपाळीने म्हणजे एका वेळी एकच सेवा. तीन सेवा बाराही महिने चालू ठेवल्या तर ३६ महिन्यांचे पैसे जातात, आळीपाळीने घेतल्या तर १२ महिन्यांचे. आणि पाहायचं राहतं असंही फारसं होत नाही, कारण आपले संध्याकाळचे तास तेवढेच असतात. ज्या दिवशी सेवा घेतली त्याच दिवशी ‘रद्द करा’ दाबून ठेवायचं. नेटफ्लिक्ससारख्या बहुतेक ठिकाणी रद्द केल्यावरही भरलेला महिना संपेपर्यंत बघता येतं. काही सेवांची मोफत चाचणी मात्र रद्द करताच तिथल्या तिथे संपते, तेवढी तळटीप वाचा.

यातला एक खोडा म्हणजे दर आठवड्याला एक भाग सोडणाऱ्या मालिका. आठ भागांचा हंगाम असा सोडला की तो दोन महिन्यांच्या बिलांवर पसरतो. शेवटचा भाग येईपर्यंत थांबून मग महिना घेतला तर एकाच फीत सगळा हंगाम होतो. मधल्या काळात कोणीतरी खून कोणी केला ते सांगून टाकतं, हा धोका आहेच. ज्यांना दुसऱ्या दिवशी त्यावर बोलल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी दोन महिन्यांचे पैसे खुशाल द्यावेत, तोही करमणुकीचाच भाग आहे.

दुसरा खोडा जास्त चिवट आहे. फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. ॲप स्टोअरमार्फत घेतलं असेल तर तिथूनच बंद करावं लागतं, मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीच्या पॅकसोबत आलं असेल तर त्या कंपनीकडून. पैसे कोण कापतंय ते स्टेटमेंटवर बघितलं की कुठलं दार वाजवायचं ते कळतं.

जाहिरातींसह की जाहिरातींविना

नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला तेव्हा तासाला सरासरी ४ ते ५ मिनिटं जाहिराती, असं सांगितलं होतं. हा आकडा धरून बघू. महिन्याला ३० तास पाहणारा माणूस दोन ते अडीच तास जाहिराती बघेल. आता दोन प्लॅनच्या किमतीतल्या फरकाला त्या अडीच तासांनी भागा. जो आकडा येईल तो तुमच्या एका तासाचा भाव. त्या भावात तुम्ही जाहिराती बघायला तयार आहात का? कमी पाहणाऱ्याला हा सौदा नेहमी फायद्याचा पडतो: महिन्याला सहा तास पाहत असाल तर अर्ध्या तासाच्या जाहिरातींसाठी महाग प्लॅन घेणं म्हणजे उधळेपणा.

तुलनेसाठी, अमेरिकी वाहिन्यांवर अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेचा भाग जेमतेम २२ मिनिटांचा असतो, बाकी जाहिराती. त्या मानाने हे बरंच सुसह्य. पण चित्रपटाच्या ऐन भावुक प्रसंगात साबण आला की चार मिनिटंही चाळीस वाटतात. म्हणून मालिका पाहणाऱ्यांना जाहिरातींचा प्लॅन चालतो, चित्रपट पाहणाऱ्यांना नाही, असं माझं मत झालं आहे. स्वस्त प्लॅनमध्ये आणखी काय काय कमी आहे तेही बघा. नेटफ्लिक्सच्या त्या प्लॅनला सुरुवातीला ७२०पीच, म्हणजे फुल एचडीहून कमी स्पष्ट, चित्र मिळत होतं आणि करारांमुळे काही शीर्षकं त्यात नव्हती.

शिवाय आज जाहिरातींविना असलेला प्लॅन उद्याही तसाच राहील याची खात्री नाही. ॲमेझॉनने जानेवारी २०२४ पासून काही देशांत प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर वर जास्तीचे पैसे मागितले. वर्षाचे पैसे आधीच भरून बसलेल्यांना ते विशेष लागलं.

सगळ्यात महागड्या प्लॅनचं काय

४के हा शब्द बघून वरचा प्लॅन घेणारे बरेच आहेत. ४के म्हणजे ३८४० × २१६० ठिपके, फुल एचडी १९२० × १०८०, म्हणजे चौपट ठिपके. पण ते तुमच्यापर्यंत पोचायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. टीव्ही ४के हवा, इंटरनेटला दम हवा आणि उपकरणाला परवानगी हवी.

पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) वेग सुचवतं. डेटा मर्यादित असेल तर हे लक्षात घ्या की ४केमध्ये तासाला ७ जीबीपर्यंत जातात, एचडीमध्ये ३ जीबीपर्यंत. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. अँड्रॉइड उपकरणांत चित्राची चोरी रोखणारी ‘वाइडवाइन’ नावाची कुलूपव्यवस्था असते आणि तिच्या पायऱ्या असतात. एल१ असेल तर एचडी आणि त्यावरचं मिळू शकतं. एल३ असेल तर बऱ्याच सेवा ४८०पीच्या वर जाऊच देत नाहीत, मग स्क्रीन कितीही चकचकीत असो आणि प्लॅन कितीही वरचा असो.

माझ्याकडचा एक टॅब असाच निघाला. चेहरे धूसर, सबटायटल मात्र खणखणीत. सबटायटल वेगळी येतात आणि उपकरणच ती पडद्यावर रेखाटतं, म्हणून ती स्वच्छ दिसतात. मी आठवडाभर राउटरला शिव्या घातल्या. शेवटी नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं तर तिथे सरळ लिहिलं होतं: एल३. वरचा प्लॅन घेण्याआधी ही एक ओळ वाचायला अर्धं मिनिट लागतं. संगणकावर पाहणाऱ्यांनी ब्राउझर तपासावा, काही ब्राउझरमध्ये ४के मिळत नाही.

वरच्या प्लॅनचं दुसरं आमिष म्हणजे एकाच वेळी चार पडदे. पूर्वी ते चार घरांत वाटले जायचे. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने एका घराबाहेर पासवर्ड वाटणं अनेक देशांत बंद केलं आणि बाहेरच्या माणसासाठी वेगळे पैसे लावले, डिस्ने प्लस त्याच वाटेने गेलं. तेव्हा आता प्रश्न एवढाच: तुमच्या एका घरात एकाच वेळी किती पडदे चालू असतात? बहुतेक घरांत दोन.

फुकट आणि सुटं

फुकटात यूट्यूब आहे, सरकारी प्रसारकांची ॲप आहेत, काही देशांत प्लूटो टीव्ही आणि ट्यूबीसारख्या जाहिरातींवर चालणाऱ्या सेवा आहेत. कॅनोपी ही सेवा तर काही देशांत सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर मिळते. इथे ताजे चित्रपट आणि मालिका फारशा मिळत नाहीत, जुनं भरपूर मिळतं. नवीन काय आलं याची तुम्हाला फारशी पडलेली नसेल तर सहा महिने फुकटातच काढून बघायला हरकत नाही.

सुटं भाडं ही मला सगळ्यात दुर्लक्षित वाट वाटते. ॲपल आणि गूगलकडे भाड्याने घेतलेला चित्रपट सुरू करायला साधारण ३० दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. महिन्याला एक-दोनच चित्रपट पाहणाऱ्याला याहून काही लागत नाही. आणि पैसे मोजून निवडलेला चित्रपट आपण शेवटपर्यंत पाहतो, हा माझा अनुभव.

डिजिटल ‘विकत’ घेण्याबद्दल मात्र मी सावध आहे. अल्ट्राव्हायोलेट या सेवेत लोकांनी विकत घेतलेल्या चित्रपटांचं कपाट सांभाळलं जायचं, ३१ जुलै २०१९ ला ती बंद झाली. ज्यांनी आपलं खातं वेळेत दुसऱ्या दुकानांशी जोडलं त्यांचं बहुतेक वाचलं. सबस्क्रिप्शनमध्ये तर मालकीचा प्रश्नच नाही. दुसऱ्या स्टुडिओकडून घेतलेले चित्रपट करार संपला की जातात हे ठाऊक असतं, पण २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने आणि २०२३ मध्ये डिस्ने प्लसने स्वतःच बनवलेल्या कित्येक गोष्टीही काढून टाकल्या. एखादी कलाकृती जन्मभर हवी असेल तर डिस्क घ्या. चित्रही सरस मिळतं: ४के ब्लू-रेचा डेटावेग १०० एमबीपीएसच्या पुढे जाऊ शकतो, स्ट्रीमिंगचा त्याच्या पाव भागाच्या आसपास.

थेट सामने

इथे गणित बदलतं, कारण सामना उद्या पाहून उपयोग नसतो. अँटेना, डिश आणि केबलपेक्षा स्ट्रीमिंगवरचा सामना बहुतेक वेळा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतो. व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि अडखळू नये म्हणून ॲप दोन-तीन तुकडे आधी साठवून ठेवतं, म्हणून हा उशीर. शेजारी डिश असेल तर गोल झाल्याचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि चेंडू नंतर दिसतो. सामन्यांसाठीच सेवा घेत असाल तर फक्त त्या स्पर्धेचे महिने घ्या आणि तोच सामना मोफत वाहिनीवर आहे का ते आधी बघा. रोज बातम्या आणि खेळ दोन्ही लागत असतील तर जुनी केबल किंवा डिश अजूनही वाईट सौदा नाही. चालू केलं की दिसतं, काय बघायचं ते शोधत बसावं लागत नाही.

मी त्या रविवारी पहिली सेवा ठेवली, पण खालच्या प्लॅनवर आणली. दुसरी बंद केली, पुढचा हंगाम पूर्ण झाला की महिनाभर घेईन. तिसरी रद्द करायला गेलो तर पहिल्या पडद्यावर ‘खरंच जाताय?’, दुसऱ्यावर माझ्यासाठी खास निवडलेल्या बारा मालिका आणि तिसऱ्यावर निम्म्या किमतीत आणखी तीन महिने. बोट क्षणभर थबकलं. मग ती सत्तावीस मिनिटं आठवली आणि कोपऱ्यातलं फिकट राखाडी बटण शोधून दाबलं.