अहवाल खरा, हिबोनाइट खोटं

मला हिबोनाइट या खनिजाच्या नावाने भट्टीतली मळी विकली गेली. सोबत जो प्रयोगशाळेचा एक्सआरडी अहवाल (क्ष-किरणांनी अणूंची रचना ओळखणाऱ्या चाचणीचा) आला होता, तो मात्र अस्सल होता. त्यात खाडाखोड नव्हती, बनावट शिक्का नव्हता. फसवणूक नेमकी तिथेच होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय. खनिजं जमवणारे आपण सगळे "अहवाल आहे ना?" एवढं विचारून निर्धास्त होतो, आणि विकणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं आहे.

हिबोनाइट हे कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. एका कॅल्शियममागे बारा ॲल्युमिनियम आणि एकोणीस ऑक्सिजन, असं त्याचं मूळ सूत्र. पॉल हिबोन या खनिजशोधकाला ते 1953 मध्ये मादागास्करच्या दक्षिण भागात एसिवा इथे सापडलं. 1956 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि हिबोनचंच नाव खनिजाला मिळालं. रंग काळपट तपकिरी, कडा पातळ असली तर तिच्यातून लालसर तपकिरी उजेड दिसतो. स्फटिक षट्कोनी, काठिण्य मोहस् मापनावर साडेसात ते आठ, म्हणजे क्वार्ट्झला सहज ओरखडा पाडेल इतकं. घनता 3.84 च्या आसपास. वर्गीकरणात ते ऑक्साइडांच्या वर्गात, मॅग्नेटोप्लंबाइट गटात बसतं. त्या गटातली खनिजं एकाच आराखड्यावर बांधलेली असतात, फक्त जागा भरणारी मूलद्रव्यं बदलतात. हिबोनाइटमध्येही कॅल्शियमच्या जागी थोडं सेरियम, लँथेनम येतं आणि ॲल्युमिनियमच्या जागी टायटॅनियम, मॅग्नेशियम, लोह. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

विक्रेत्याने पाठवलेले फोटो देखणे होते. गडद तपकिरी, पातळ षट्कोनी पत्र्या एकमेकींत आडव्यातिडव्या घुसलेल्या, वर काचेसारखी झळाळी. खाली "हिबोनाइट, एसिवा, मादागास्कर" अशी चिठ्ठी. मी मूळ खडकाबद्दल विचारलं तर "जुन्या संग्रहातला तुकडा आहे, खडक आधीच काढून टाकलाय" असं उत्तर आलं. चाचणीबद्दल विचारलं तेव्हा त्याने लगेच अहवाल पाठवला. आलेखातले उंचवटे हिबोनाइटच्या नोंदीशी जुळत होते. मी ओळखीच्या जाणकाराकडून तो तपासूनही घेतला. त्यांनीही सांगितलं, जुळतंय. मग मी पैसे पाठवले.

तुकडा हातात आला तेव्हा पहिली शंका वजनाने आणली. आकाराच्या मानाने तो हलका होता. दोऱ्याला बांधून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलला, तर घनता साडेतीनच्याही खाली आली. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरला. पत्र्यांच्या मधल्या जागेत राखाडी काचेसारखा पदार्थ होता आणि त्या काचेत बारीक गोल पोकळ्या होत्या. कोणी कोरून काढाव्यात तशा गुळगुळीत, आतून चकचकीत. एका पोकळीच्या तळाशी मोहरीपेक्षाही लहान, रुपेरी, अगदी गोल मणी चिकटलेला होता. सुईने टोचून पाहिला. तो फुटला नाही, दबला. धातूच होता तो.

मादागास्करचं हिबोनाइट रूपांतरित खडकांतलं आहे. चुनखडीयुक्त खडक खोलवर प्रचंड उष्णता आणि दाब सोसून बदलला, त्यात ते घनस्थितीतच वाढलं. त्याच्या सोबतीला स्पिनेल, कुरुंद, थोरियानाइट, कॅल्साइट अशी मंडळी असतात. अशा खडकात वायूच्या बुडबुड्यांना आणि थंड झालेल्या काचेला काही कारणच नाही. बुडबुडे आणि काच म्हणजे वितळलेला रस झपाट्याने निवला. धातूचा मणी म्हणजे त्या रसात ऑक्सिजनचा असा दुष्काळ होता की धातू धातूच राहिला. या तिन्ही गोष्टी एकत्र म्हणजे भट्टी.

खात्रीसाठी एका भूविज्ञान विभागात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रासायनिक तपासणी करून घेतली. पत्र्यांत कॅल्शियम, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि थोडं टायटॅनियम. सेरियम नाही, लँथेनम नाही, थोरियमचा मागमूस नाही. मण्यात लोह आणि टायटॅनियम. ज्या ठेव्यातून हे आल्याचं चिठ्ठी सांगत होती, तिथलं हिबोनाइट सेरियम-लँथेनमसाठी ओळखलं जातं. चिठ्ठीचा खोटेपणा इथेच उघडा पडला.

हा माल कुठे तयार होतो तेही सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं उलगडतं. लोह-टायटॅनियमसारखे मिश्रधातू करताना धातूच्या ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून पेटवतात. ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं, धातू मोकळा होतो आणि मागे ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, रस उरतो. तो पातळ व्हावा, धातूपासून नीट सुटावा म्हणून चुना घालतात. चुना आणि ॲल्युमिना एकत्र वितळले की निवताना कॅल्शियम ॲल्युमिनेटचे, म्हणजे हिबोनाइटच्याच घराण्यातले, स्फटिक पडणारच. रस सावकाश निवला तर पत्र्या चांगल्या मोठ्या होतात. ही मळी ढिगांनी निघते. त्यातला देखणा तुकडा फोडून घेतला, धुतला आणि चिठ्ठी लावली की "दुर्मिळ खनिज" तयार.

मी हे सगळं पुराव्यासह विक्रेत्याला कळवलं. आधी काही काळ त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग उत्तर आलं: "अहवालात हिबोनाइट आहे की नाही? मग तक्रार कशाची?" या युक्तिवादाचा खोटेपणा नीट समजून घ्या, कारण तुमच्यासमोरही तोच येईल.

एक्सआरडी सांगतं की अणू कुठल्या आराखड्यात रचले आहेत. तो आराखडा डोंगराच्या पोटात तयार झाला की कढईत, हे ते सांगत नाही, सांगूही शकत नाही. पण खनिज ठरायला नुसतं सूत्र आणि रचना पुरत नाही. आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेच्या नियमांप्रमाणे पदार्थ भूगर्भीय किंवा खगोलीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. माणसाने घडवलेल्या, पण खनिजाशी तंतोतंत जुळणाऱ्या पदार्थाला त्या खनिजाचा कृत्रिम प्रतिरूप म्हणायचं असतं. हिबोनाइटच्या सूत्राचा कृत्रिम पदार्थ उष्णतारोधक विटांसाठी मुद्दाम बनवतात, कारण तो 1800 अंश सेल्सियसच्याही वर टिकाव धरतो. चांगला, उपयोगी माल आहे. तो हिबोनाइट म्हणून, एसिवाच्या नावाने विकणं ही शुद्ध लबाडी आहे.

कॅल्शियम ॲल्युमिनेटांच्या घराण्यात ही लबाडी विशेष सोपी आहे, कारण यातली बरीच नावं आधी सिमेंटवाल्यांच्या ओळखीची होती आणि निसर्गात मागाहून सापडली. एका कॅल्शियमला दोन ॲल्युमिनियम असलेला पदार्थ उच्च-ॲल्युमिना सिमेंटचा मुख्य घटक. तोच निसर्गात वायव्य आफ्रिकेतल्या एका अशनीत सापडला आणि 2011 मध्ये क्रोटाइट म्हणून त्याचं वर्णन आलं. त्याच सूत्राचं, पण जास्त दाबाखाली वेगळ्या रचनेत बसणारं द्मित्रीइवानोवाइट हे स्वतंत्र खनिज मानलं जातं. एकाला चार हे प्रमाण असलेलं ग्रोसाइट इस्राएलच्या हात्रुरिम खडकांतून ओळखलं गेलं. तिथे खडकातलं सेंद्रिय द्रव्य नैसर्गिकरीत्या जळून आजूबाजूचा खडक भाजून निघाला होता. मायेनाइटचं वर्णन 1964 मध्ये जर्मनीतल्या मायेनजवळच्या बेलेरबेर्ग ज्वालामुखीतून झालं. पुढे बारकाईने तपासल्यावर तिथल्या नमुन्यात क्लोरिन आढळलं आणि त्याला क्लोरमायेनाइट म्हणायचं ठरलं. म्हणून कुणी "बेलेरबेर्गचं मायेनाइट" देत असेल आणि तपासणीत क्लोरिनच नसेल, तर तिथेच थांबा.

कधीकधी हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही सोडत नाही. इस्राएलच्या कार्मेल डोंगर भागातल्या कुरुंदाच्या गोळ्यांत हिबोनाइट आणि ग्रोसाइट मिळालं. एका गटाने ते ज्वालामुखीखालच्या खोल प्रक्रियांचं म्हणून मांडलं, तर 2019 मध्ये दुसऱ्या गटाने ते कारखान्यातल्या घर्षक पदार्थांशी फार जुळतं असा आक्षेप घेतला. मोठमोठी उपकरणं हाताशी असताना जिथे वाद होतो, तिथे एका पानाच्या आलेखावर कुणी उगम सिद्ध केल्याचा दावा करू नये.

माझा विक्रेता एवढ्यावर थांबला नाही. पैसे परत देण्याऐवजी त्याने बदल्यात "अशनीतलं निळं हिबोनाइट" देऊ केलं, नखाएवढा तुकडा. हेही ध्यानात ठेवा. अशनीत निळं हिबोनाइट खरोखर असतं. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतल्या निळ्या कणांवर केवढं तरी संशोधन झालंय. तो निळा रंग मुख्यतः टायटॅनियममुळे येतो आणि कण तयार होताना ऑक्सिजन किती कमी होता हे त्यावरून कळतं. सूर्यमालेतल्या सर्वांत जुन्या घन पदार्थांत, सुमारे 456 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच्या, हे खनिज आहे. ते वाचून माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि अशा वस्तूच्या नावाने कुणी थापा मारतो याचा संताप त्याहून जास्त येतो. पण ते कण मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढे असतात. नखाएवढा निळा स्फटिक अशनीतून आला असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय.

खरेदीआधी मूळ खडकासकट नमुना मागा. "खडक काढून टाकला" हे उत्तर या घराण्यातल्या खनिजांसाठी स्वीकारू नका, कारण उगमाचा साक्षीदार तोच असतो. एक्सआरडीसोबत रासायनिक विश्लेषण मागा आणि ते सांगितलेल्या ठिकाणाच्या प्रसिद्ध विश्लेषणांशी ताडून पाहा. तुटलेल्या बाजूचा, भिंगातून घेतलेला फोटो मागा. विक्रेते नेहमी पत्र्यांची बाजू दाखवतात, गोल पोकळ्या आणि काच मागच्या बाजूला असतात. पावतीवर "नैसर्गिक" हा शब्द आणि ठिकाणाचं नाव लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त "हिबोनाइट नमुना" असं होतं, त्यामुळे विक्री-मंचाने तक्रार फेटाळताना अहवालाचाच आधार घेतला.

सध्या तोच माणूस नव्या नावाने तशाच पत्र्या "ग्रोसाइट, हात्रुरिम" म्हणून विकतोय. एका फोटोत डाव्या कोपऱ्यात, पत्रीच्या खाली, रुपेरी मणी स्पष्ट दिसतो.