पैठणची एक दिवसाची ट्रिप : गाडीला 3 स्टार, पैठणला पाचही कमी

आमच्या गल्लीतल्या मंडळाची आम्ही 16 पोरंपोरी मागच्या रविवारी संभाजीनगरहून टेम्पो ट्रॅव्हलर करून पैठणला जाऊन आलो, अंतर 50-55 किमीच. गाडीवाल्याचं नाव घेत नाही, पण सहाची गाडी सव्वासातला आली आणि दर फोनला तेच, आलोच दहा मिनिटांत. ड्रायव्हर मामा मात्र लई चांगला माणूस, गाडी एकदम सांभाळून चालवली.

खरी तक्रार प्लॅनची आहे. संत एकनाथांच्या वाड्याला अर्धा तास आणि गाडीवाल्याच्या ओळखीच्या साडीच्या शोरूमला दोन तास! सातवाहनांची राजधानी, नाथ महाराजांचं गाव, आणि तिथं येऊन घाईघाईत हात जोडून निघायचं? आम्ही हट्टच धरला, मामांनी ऐकलं. वाड्यात तो रांजण आहे बघा, श्रीखंड्या होऊन देवानं नाथांच्या घरी पाणी भरलं म्हणतात तो, त्याच्यापुढं आमची गाडीभर ओरडत आलेली पोरं पण गप झाली.

मग नदीकाठचं समाधी मंदिर आणि नागघाट, जिथं ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले म्हणतात, रेड्याची मूर्ती पण आहे तिथं. बारा वाजले होते, चपला वर काढलेल्या आणि पायऱ्या अशा तापलेल्या की पाय टेकवेना. नाथांनी तापल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू कडेवर घेतलं ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते, पण ते वाळवंट याच गोदावरीचं आणि चटका काय असतो ते मला त्या पायरीवर कळलं. 400 वर्षांपूर्वी, त्या काळात, ते लेकरू उचलून घेणं म्हणजे केवढं धाडस!

शोरूम सोडून आम्ही एका हातमागावर गेलो. मावशी पैठणीच्या पदरावरचा मोर विणत होत्या, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, धागे हातानं उचलून भरायचे, सकाळपासून जेमतेम बोटभर काम झालेलं. त्यांनी कापड उलटं करून दाखवलं, पुढं जसा मोर तसाच मागं, लोंबता धागा एक नाही. मागं सुटे धागे दिसले तर ती मशीनची समजा म्हणाल्या.

जायकवाडी धरण येताना उभ्या उभ्या पाहिलं, 27 दरवाजे, आपल्या शहराच्या नळाला येतं ते पाणी इथलंच.

जाणार असाल तर घाट सकाळीच करा, आणि नाथषष्ठीला लाखो वारकरी असतात तेव्हा गाडी गावात न्यायचा विचारच करू नका. उशिराचे थोडे पैसे कमी करा म्हटलं तर गाडीवाला पुढच्या ट्रिपला बघू म्हणाला. पुढच्या वेळी आम्ही एसटीनं जाणार, मध्यवर्ती स्टँडवरून पैठणला गाड्या भरपूर आहेत.