इन्व्हर्टरवर हीटर, कॅम्परमध्ये: दिवाळी ते शिमगा वापरल्यानंतर

कॅम्परचं वायरिंग करून देणारे वर्कशॉपवाले म्हणाले बॅटरी बदला. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण त्यांचं ऐकलं असतं तर माझे पन्नास हजारांच्या वर गेले असते.

सेटअप नेहमीचाच. ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, छतावर सोलर. हीटर म्हणजे साधा ब्लोअर, १००० वॅटवर ठेवलेला. बंद गाडीत गॅस किंवा कोळशाची अंगीठी पेटवायची नाही हे घरात पक्कं ठरलेलं आहे. लेक आत झोपते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हिमाचलच्या किन्नौरमध्ये कल्पाला थंडी खरी लागली. ब्लोअर लावला की दहा मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलायला लागायचा, मग बंद. ॲपवर बॅटरी ७० टक्के. पुण्याला वर्कशॉपला फोन केला तर, "साहेब, लिथियम थंडीत असंच करतं, सेल वीक झालेत." हे निम्मंच खरं. शून्याखाली लिथियम फॉस्फेट चार्ज करायची नसते, म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, चार्जिंग थांबवतं आणि थांबवायलाच हवं. सकाळी ऊन पडलेलं असतं, तरी बॅटरी ऊब येईपर्यंत सोलर घेत नाही. पण वीज द्यायला तिची तेवढ्या थंडीत फारशी कुरकुर नसते.

रेकाँग पिओच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने ब्लोअर चालू ठेवून दोन ठिकाणी मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ११.४. "भाईसाब, बैटरी ठीक है, तार पतला है." सव्वाअकरा-साडेअकराच्या आसपास इन्व्हर्टरचा अलार्म वाजतो, मग बिचारा काय करणार! १००० वॅटसाठी १२ व्होल्टवर नव्वदहून जास्त अँपिअर लागतात. वर्कशॉपने १६ चौरस मिलिमीटरची वायर तीन मीटर फिरवून नेली होती, तीही लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) पक्कडीने दाबून. जवळपास शंभर वॅट त्या वायरीतच जळत होते. हात लावला तर गरम! लाकडी फर्निचरच्या मागून जाणारी वायर गरम होते आणि ग्राहकाला नवी बॅटरी घ्यायला सांगतात, याचा मला अजूनही संताप येतो. असं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने आधी या दोन टोकांचं रीडिंग घ्यावं, लोड चालू असताना. रिकाम्या रीडिंगला काही अर्थ नाही.

वेल्डिंगची ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, लग हायड्रॉलिक क्रिंपरने बसवून घेतले, इन्व्हर्टर सीटखाली बॅटरीशेजारी आणला आणि फ्यूज बॅटरीलगत. आता फरक ०.२ व्होल्टच्या आत. अलार्म पुन्हा वाजलेला नाही.

आणि ब्लोअर नीट चालायला लागल्यावर माझं मतच बदललं. पूर्ण भरलेल्या बॅटरीत अडीच युनिट. इन्व्हर्टरचा लॉस धरून ब्लोअर सव्वादोन तासांत ती रिकामी करतो, आणि गाडीची हवा अर्ध्या तासात पुन्हा थंड. गाडी चालताना इंजिनवरून बॅटरी भरणाऱ्या ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने तेवढी भरायला साडेसहा तास गाडी चालवावी लागते. घाटातल्या डिझेलचा खर्च काढा, म्हणजे ही ऊब किती महाग पडते ते कळेल. रात्रभर हवा तापवायचीच असेल तर डिझेल हीटर घ्या. एका लिटरात साधारण दहा युनिटची उष्णता असते. त्याचा धूर मात्र पाइपने गाडीबाहेरच गेला पाहिजे.

आमचं भागलं ते इलेक्ट्रिक ब्लँकेटवर. ८० वॅटचं, रात्रभर. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू राहायला वीसेक वॅट खातो, तरी सकाळी बॅटरीत निम्म्याहून जास्त शिल्लक. झोपण्याआधी ब्लोअर वीस मिनिटं, काचांना फॉइलचे पडदे, आणि वरची खिडकी बोटभर उघडी, नाहीतर काचांवरून पाणी ओघळतं. बायकोला थंडी माझ्यापेक्षा जास्त वाजते; तिनेही स्वेटर काढून ठेवला.

इन्व्हर्टरला पाचपैकी चार. बॅटरीला पाच. वायरिंगला शून्य. केबल आणि मजुरीचं बिल मी वर्कशॉपला दोन्ही रीडिंगच्या फोटोंसकट पाठवलंय. "बघतो" म्हणालेत. पैसे आले की इथेच लिहीन.